चढवायची शिट्टी

छातीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, जे झालं ते लिहून काढा, तुमच्यासारख्या इतरांना उपयोग होईल. मी म्हटलं, मला दम लागतो. त्या म्हणाल्या, लिहायला कुठे दम लागतो? त्यांना औषधंच लिहायची सवय, म्हणून असं वाटत असेल. मी अर्धं पान लिहिते, पेन ठेवते, खिडकीतून बाहेर बघते आणि पुन्हा पेन घेते. त्यामुळे हे तुकड्यातुकड्यांत झालंय. धीर मिळेल म्हणून जे वाचायला बसले असतील त्यांना आधीच सांगते, मी पूर्ण बरी झालेली नाही. बरी होतेय असं म्हणण्याइतपत बरी आहे.

डोक्यावरचा निसर्ग

मी शैला. शिवाजी पेठेत वडिलांनी बांधलेल्या दोन मजली घरात राहते आणि मुलींच्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. पेठेत मला भूगोलाच्या बाई कुणी म्हणत नाही, कबुतरवाल्या बाई म्हणतात. गच्चीवर आमची कबुतरांची ढाबळ होती, पत्र्याची आणि जाळीची, आबांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळेपासूनची. मुलगा नाही म्हणून आबांनी पोरीला वर नेलं, असं लोक बोलायचे. खरं म्हणजे मीच त्यांच्या मागोमाग जिना चढून गेले आणि खाली यायचं नाव घेतलं नाही. हाका मारून मारून आईचा घसा बसायचा.

आमची कबुतरं शर्यतीत उडवायच्या जातीची होती. शर्यतीला सकाळी थवा चढवायचा आणि ज्याचा थवा सगळ्यात उशिरा उतरेल तो जिंकला, एवढाच खेळ. पंच खुर्चीत मान मागे टाकून दिवसभर वर बघत बसतो. बाहेरच्या माणसाला हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो, आणि त्यात फार चूकही नाही. पण वारा कधी फिरला, घार कुठे घिरट्या घालतेय, ढग किती वर आहेत, हे सगळं मी पाठ्यपुस्तकाच्या आधी गच्चीवर शिकले. लोक निसर्ग बघायला पन्हाळ्याला जातात, दाजीपूरला जातात. माझा निसर्ग डोक्यावर होता, जिना चढला की आलाच.

आबांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली. शिट्टी चढवायला, डबा उतरवायला. शिट्टी ओठांची, बोटं न घालता, लांब आणि वर वर जाणारी. ती ऐकली की थवा छपरावरून उठायचा. खाली बोलवायचं तर पत्र्याच्या डब्यात ज्वारी खुळखुळवायची आणि आ, आ, आ म्हणायचं. यात अदलाबदल कधी करायची नाही. जनावराचा एकदा गोंधळ झाला की त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो, असं आबा म्हणायचे.

माझे यजमान विलासराव मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहितात. लग्न झाल्यावर ते आमच्याच घरी राहायला आले, त्यावरून पेठेने त्यांना बरीच वर्षं छळलं. कबुतरांशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. गच्चीवर आले की त्यांना शिंका सुटायच्या, मग ते कपडे वाळत घालून पळून जायचे. आमची मुलगी मृणाल पुण्याला नोकरी करते. ती म्हणायची, बाबांनी तुझ्याशी लग्न केलं, कबुतरांशी थोडंच केलंय.

खडू

खोकला दिवाळीच्या सुमाराला सुरू झाला. कोरडा, उगाचच येणारा, वर्गात वाक्याच्या मध्येच अडवणारा. सगळ्यांनी खडूवर खापर फोडलं. माझ्या साड्यांवर नेहमी पांढरी पूड असायची आणि मुलींनाच काय, मलाही ती खडूचीच वाटायची. कबुतराच्या अंगावरून तशीच पूड झडते, पिठासारखी मऊ. त्यांच्या अंघोळीला पाटीत पाणी ठेवलं की त्यावर तिची साय धरते. इतकी वर्षं ती साय मी हाताने बाजूला सारत आले होते.

शाळेने मला बिनधुळीचे खडू दिले. शेजारणींनी अडुळसा दिला, ज्येष्ठमध दिलं, हळद-दूध दिलं. पेठेतल्या डॉक्टरांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या. मी सगळं घेतलं आणि जिना दोन टप्प्यांत चढायला लागले, मग तीन टप्प्यांत.

आता जे सांगणार आहे ते नीट वाचा, कारण माझी सगळी गोची इथे आहे. जसजसा दम लागायला लागला तसतशी मी जास्त वेळ गच्चीवर बसायला लागले. मोकळी हवा हवी ना! शाळेतून आले की ढाबळीशेजारी खुर्ची टाकायची, सकाळी लवकर उठून ढाबळ खरवडायची, पिल्लं हातात घ्यायची. तिथे मला बरं वाटायचं. खोटं नाही सांगत, खरंच बरं वाटायचं. छातीला नव्हे, मला.

तुमचं किती आलं?

एक दिवस जिन्याच्या दुसऱ्या टप्प्यावर बसले ती मला उठवेचना. विलासरावांनी रिक्षा बोलावली आणि राजारामपुरीतल्या हॉस्पिटलात भरती केलं. न्यूमोनियासारखं काहीतरी आहे, असं पहिल्यांदा सांगितलं.

हॉस्पिटलात दिवस जात नाही, तो ढकलावा लागतो. पहाटे रक्त न्यायला येतात, मग चादर बदलायला, मग फरशी पुसणाऱ्या मावशी येतात आणि पाय वर घ्या म्हणतात. मग वाफ, मग इंजेक्शन, मग बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा. शेजारच्या पलंगावर कागलच्या एक वहिनी होत्या. त्यांना त्या आकड्याचं भारी वेड. माझ्या बोटाचा चिमटा निघायच्या आत त्या विचारायच्या, "तुमचं किती आलं?" माझा आकडा त्यांच्यापेक्षा कमी आला की त्यांना बरं वाटायचं, आणि ते त्या लपवायच्याही नाहीत. मला त्यांचा राग यायचा. पण त्यांना घरी सोडलं तेव्हा मी दिवसभर दाराकडे बघत होते. खरं तर कुणाशी बोलायचीही इच्छा नव्हती. नुसतं कुणीतरी आपला आकडा विचारावा, एवढंच वाटत होतं.

माझ्या खिडकीतून मागच्या इमारतीचे पाइप दिसायचे आणि त्यांच्यावर एक चौकोन आकाश. त्या चौकोनातून रोज एक घार जायची, डावीकडून उजवीकडे. ती गेली की उगाच हायसं वाटायचं.

आठवड्याभरात मी सुधारले. आकडा चढला, जेवण जायला लागलं. घरी आले, सवयीने पहिल्याच दिवशी वर गेले, सगळ्यांना बघितलं, हातात घेतलं. पंधरवड्यात पुन्हा त्याच वॉर्डात, त्याच मावशी, तेच पाय वर घ्या.

विलासराव बोलले

या वेळी छातीच्या डॉक्टरबाई आल्या. वयाने लहान, माझी विद्यार्थिनी शोभली असती. त्यांनी जुने कागद चाळले, नवं स्कॅनिंग बघितलं आणि खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की समजावं. इथे आल्यावर तुम्ही सुधारता आणि घरी गेलात की बिघडता, असं त्या म्हणाल्या. मग घरात आहे तरी काय? भिंतींना ओल? नाही. एसी? नाही. कारखान्याशेजारी राहता? नाही. कुणी विडी ओढतं? नाही. घरात काही पाळलंय?

मी खिडकीतल्या चौकोनाकडे बघितलं. उत्तर माहीत नव्हतं असं नाही. त्या क्षणापर्यंत मी स्वतःलाही तो प्रश्न विचारला नव्हता, आणि आता कुणीतरी विचारला होता. मी त्या चौकोनाकडे बघत राहिले.

पायाशी उभे असलेले विलासराव म्हणाले, "कबुतरं हायत की. गच्चीवर. लई हायत."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. पुढचं सगळं मला कापसातून ऐकल्यासारखं ऐकू आलं. पक्ष्यांची पूड आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली की काही लोकांच्या फुप्फुसांना ती सोसत नाही, फुप्फुसं आतून सुजतात, मग त्यांना चरे पडतात. सूज औषधांनी उतरेल. चरे पडले ते पडले. नवे पडू द्यायचे नसतील तर कबुतरं गेलीच पाहिजेत. त्यांना गच्चीवरच दुसऱ्या कोपऱ्यात हलवायचं नाही, कमी करायचं नाही, मास्क लावून सांभाळायचं नाही. सगळी गेली पाहिजेत आणि मी ढाबळीच्या आसपास फिरकता कामा नये.

मी मास्तरीण आहे, तह करायला बघितलंच. आणखी कडक औषध द्या, सकाळी फक्त पाच मिनिटं जाईन. त्या म्हणाल्या, "बाई, एक तर ती राहतील, नाही तर तुमची फुप्फुसं राहतील. दोन्ही नाही राहणार."

त्या गेल्यावर मी विलासरावांना म्हटलं, झालं तुमच्या मनासारखं. त्यांनी डबा उघडला, आमटी-भात कालवला आणि चमचा पुढे केला. मी तोंड फिरवलं. तीस वर्षांच्या संसारात त्या दिवशी मला ते माझे वैरी वाटले, आणि चार-पाच दिवस तसेच वाटत राहिले. आजारी माणसाला सगळ्यांची कीव येत असते, असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. आजारी माणसाला राग येतो. तो आजाराला देता येत नाही, मग जो डबा घेऊन येतो त्याला मिळतो.

दत्तू

गडमुडशिंगीला दत्तू राहतो. त्याचे वडील आणि आबा शर्यतीतले जोडीदार. दत्तूची शेती आहे, म्हशी आहेत, आणि गोठ्यापासून लांब मळ्यात त्याची स्वतःची ढाबळ. मी घरी येण्याआधी कबुतरं हलवायची होती. दत्तू छोटा टेम्पो आणि द्राक्षांचे रिकामे क्रेट घेऊन आला आणि सगळी घेऊन गेला. मी ते बघितलं नाही. जाताना हॉस्पिटलात येऊन दारात उभा राहिला, आत नाही आला, कारण त्याच्या कपड्यांना पिसं होती. एवढी अक्कल त्याला कुणी शिकवली नव्हती.

आमच्यात एक रीत आहे. जनावर दुसऱ्याला दिलं की घेणारा त्याचे पंख दोऱ्याने बांधून ठेवतो, नव्या जागेत जोडी लावतो, आणि अंड्यावर बसलं की मग सोडतो. अंड्यावर बसलेलं जनावर सहसा घर विसरतं. तरीही एखादं जुन्या घरी परतलंच तर देणाऱ्याने त्याला दाणा टाकायचा नाही, पाणीसुद्धा दाखवायचं नाही. तहानेने ते आपल्या नव्या घरी जातं. हे कडू काम देणाऱ्याचंच असतं, कारण जनावर त्याच्याकडेच येतं.

दत्तू म्हणाला, "आक्का, साखरीचं काय करू? ती राहायची न्हाय."

साखरी आबांच्या ओळीतली शेवटची मादी. साखरेसारखी मळकट पांढरी, मानेवर करडे ठिपके. पिल्लू असताना मी तिला तोंडाने भरवली होती. मी म्हटलं, बांध आणि जोडी लाव. रीत आहे ती आहे.

मी घरी आले तेव्हा गच्ची पुसून काढलेली होती. ढाबळ मोडली होती, पत्रे भंगारात गेले होते. गाद्या, पडदे, माझ्या साड्यासुद्धा धुऊन झाल्या होत्या. हे सगळं विलासरावांनी मास्क लावून, ओल्या फडक्यांनी, शिंकत शिंकत एकट्याने केलं होतं. आभार मानायचीही ताकद लागते, ती माझ्यात नव्हती.

फुंकर

त्यानंतरचे महिने एकसारखे होते, म्हणून त्यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गोळ्यांनी चेहरा पुरणपोळीसारखा टम्म फुगला. भूक इतकी लागायची की मी भाकरीवर भाकरी खायचे आणि खाताना रडायचे. झोप गेली. साखर वाढली. शाळेने रजा दिली. मैत्रिणी सुरुवातीला आल्या, मग फोन करायला लागल्या, मग त्याही कंटाळल्या. मीही माझ्या आजाराला कंटाळले होते, त्यांना काय बोल लावू? मृणाल म्हणायची, राजारामपुरीत फ्लॅट घ्या, पेठ सोडा. मी हो म्हणायचे. हो म्हणायला कमी श्वास लागतो.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम दिले. नाकाने श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करायचा आणि हळूहळू फुंकर घालत सोडायचा. आणि म्हणाल्या, मनात दुसरं काही आणू नका, फक्त श्वासाकडे लक्ष द्या, शांत वाटेल.

ज्याचा श्वास पुरत नाही त्याला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला पाण्याचा विचार कर म्हणणं. मी लक्ष दिलं की छाती आवळायची आणि भीती वाटायची. ही भीती तुम्हालाही वाटत असेल तर तुमचं काही चुकत नाहीये, एवढं सांगायला मी हे लिहितेय.

मग मी माझ्यापुरता उपाय काढला. खिडकी बंद ठेवायची असली तरी काच होती. काचेतून घारी दिसायच्या. मी घार बघत बसायचे, शर्यतीतल्या पंचासारखी. घार पंख न हलवता अर्धं वर्तुळ घेते तेवढ्या वेळात श्वास घ्यायचा, उरलेल्या अर्ध्यात सोडायचा. ती वाऱ्यावर लांबली की माझाही श्वास लांबायचा. लक्ष श्वासाकडे नसायचं, घारीकडे असायचं, आणि श्वास आपला आपण चालायचा. काही वेळाने मी आजारी आहे हेही विसरायचे. पाच मिनिटं, कधी दहा. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अहो, मी हेच तर सांगत होते. असेल. माझ्या मते हे मला आबांनी सांगितलं होतं, गच्चीवर, मान दुखेपर्यंत.

फक्त एक गोष्ट खुपायची. ओठांचा तो चंबू शिट्टीचाच होता. पण त्यातून नुसती हवा जायची. आवाज यायचा नाही.

वाटी

साखरीला मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा गोळ्यांमुळे भास होतोय असं वाटलं. आमच्या खोलीच्या खिडकीसमोर न्हाणीघराचं छप्पर आहे. त्याच्या कठड्यावर ती भर दुपारी बसली होती आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती. मधे बंद काच. मी हात लावला काचेला आणि काढून घेतला.

ती रोज यायला लागली. दत्तूला फोन केला तर म्हणाला, अंड्यावर बसलीय म्हणून सोडली. सकाळी नर बसतो तेव्हा ती मोकळी असते, तेव्हा येत असेल. दुपार कलली की तिची पाळी, तेव्हा परत जाईल. येऊन जाऊन राहिली तर हरकत नाही, फक्त दाणापाणी दाखवू नका.

मी कशाला दाखवतेय? मी तर खिडकीही उघडत नव्हते. पण दिवसेंदिवस ती जास्त वेळ थांबायला लागली, आणि एकदा रात्रीही गेली नाही. दुसऱ्या दिवशी दत्तूचा फोन. नर किती वेळ बसणार, तो उठला आणि अंडी गार पडली.

त्या दिवशी मी खुर्ची खिडकीला अगदी चिकटवून काचेला कपाळ टेकवून बघितलं. कठड्याच्या आतल्या बाजूला, मला सहसा दिसणार नाही अशी, आमच्या स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी होती. पाणी भरलेली. शेजारी मूठभर ज्वारी.

विलासराव कामावरून आले तेव्हा मी जेवढा श्वास होता तेवढा त्यांच्यावर खर्च केला. तुमची शिंक कुठे गेली आता? रीत माहीत नाही तर विचारायचं होतं. तुमच्यापायी दोन जीव गेले. शेवटी खोकल्याने मला गप्प केलं.

ते पाणी घेऊन आले, मला पाजलं, आणि माझा खोकला थांबल्यावर म्हणाले, "तू तिच्याकडं बगत बसलीस की खोकत न्हाईस. मी दारातनं बगतोय रोज. म्हणून ठेवली वाटी."

या माणसाला मी हॉस्पिटलात वैरी म्हटलं होतं, मनात का होईना. त्यांनी कबुतरं घालवली तीही मी श्वास घ्यावा म्हणून, आणि एक परत आणली तीही त्याचसाठी. मला रडू आलं. रडतानाही दम लागतो, म्हणून थोडंच रडले. मग त्यांना रीत सांगितली, शांतपणे, सातवीच्या मुलींना सांगते तशी. त्यांनी कान धरून ऐकली आणि वाटी आत आणली.

गल्लीत

दत्तूकडे साखरी पुन्हा अंड्यावर बसली. आमच्या कठड्यावर आता काही नव्हतं, तरी ती यायची. थोडी बसायची, जायची. मी काचेतून बघायचे आणि ती गेली की हायसंही वाटायचं आणि वाईटही. तेवढ्यात डॉक्टरबाईंनी गोळ्या थोड्या कमी केल्या आणि गल्लीत चालायची परवानगी दिली. गच्चीला मात्र अजून बंदी.

एका रविवारी ती न्हाणीघराकडे आलीच नाही. पलीकडच्या घरची बाई खालून ओरडून म्हणाली, "बाई, तुमचं पाखरू वरतं बसलंय बगा, सकाळधरनं." मी विलासरावांचा हात धरून खाली गल्लीत आले आणि मान वर केली. साखरी गच्चीच्या कोपऱ्यावर बसली होती, जिथे ढाबळीचं दार होतं बरोबर तिथे. मान आत घेऊन, पिसं फुलवून. राहायला आल्यासारखी.

दुपार कलायला लागली होती. दत्तूला फोन लावला. तो म्हणाला, "नर उठायला लागलाय, आक्का. उगं चुळबुळ करतोय. तिला आता यायला पायजे, न्हाईतर ही बी अंडी गेली."

विलासराव वर गेले, टॉवेल फडकावला. ती उडाली, एक फेरी मारली आणि परत त्याच जागी. पुन्हा हाकलली, पुन्हा परत. ते घामाघूम होऊन खाली आले. त्यांच्या हातात डबा होता, आबांचा, ज्वारीचा. भंगारात गेला असं मला वाटलं होतं, त्यांनी तो ठेवला होता. ते म्हणाले, "डबा वाजवून खाली बोलाव. मी धरतो आणि दत्तूकडं पोचवून येतो."

डबा माझ्या हातात आला. हलका होता, आत मूठभर ज्वारी असेल. एकदा खुळखुळवला असता तर ती सरळ माझ्या खांद्यावर उतरली असती. कितीतरी महिन्यांनी मला तिच्या पोटाची ऊब हाताला लागली असती, एकदाच, मास्क लावून, मोकळ्या गल्लीत. डॉक्टरबाई काही बघत नव्हत्या. आणि एकदा उतरली असती तर उद्या पुन्हा आली असती, परवाही, आणि मीही पुन्हा डबा घेतला असता. मी मला ओळखते.

मी डबा विलासरावांना परत दिला आणि मास्क खाली घेतला.

ओठांचा चंबू केला, जसा रोज करते. आकाशात बघितलं. पेठेजवळच्या तळ्याच्या बाजूला एक घार होती, खूप वर. तिच्या अर्ध्या वर्तुळाएवढा श्वास घेतला आणि सोडला. नुसती हवा गेली. पलीकडची बाई हसली. दुसऱ्यांदा घेतला, सोडला, पुन्हा हवाच. विलासराव म्हणाले, राहू दे शैला, दम लागंल. मी हाताने त्यांना थांबवलं.

तिसऱ्यांदा आवाज आला. आबांची शिट्टी नव्हे ती, तिची सावली म्हणा. बारीक, फाटकी, पण वर जाणारी.

साखरीने मान काढली. मी पुन्हा फुंकलं, छातीत होतं नव्हतं तेवढं. ती उठली, सरळ, पंख वाजवत, आणि चढली. गल्लीवर एक फेरी, पेठेवर दुसरी, मग आणखी मोठी. मी मान मागे टाकून बघत राहिले. मग तिने पूर्वेकडे, दत्तूच्या गावाकडे तोंड केलं आणि ठिपका होऊन गेली.

मी दाराच्या पायरीवर बसले. विलासरावांनी चिमटा आणून बोटाला लावला, आकडा बघितला आणि मला दाखवला नाही. पाठीवर हात ठेवून बसून राहिले. पलीकडच्या बाईने विचारलं, कसं वाटतंय? मी वर बोट केलं. घार अजून तिथेच होती. मी तिच्याबरोबर श्वास घेत होते, अर्ध्या वर्तुळात आत, अर्ध्यात बाहेर.

फोन वाजला तेव्हा आम्ही पायरीवरच होतो. विलासरावांनी तो माझ्या कानाला लावला.

"पोचली, आक्का," दत्तू म्हणाला. "बसली बी अंड्यावर."

मी फोन विलासरावांकडे सरकवला. होता तेवढा श्वास तिच्या मागे गेला होता.